दुखण्याचा आकडा

ग्रोवॅर बेट, ३० मार्च २०११

प्रिय ओडवार,

पाद्रीबाबांनी तुझ्या नातीला सिअॅटलला फोन केला होता, म्हणजे बातमी तुला कळली आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बाकीचं लिहिते.

आर्विदला परवा माती दिली. हवा बरी होती. वारा होता, पण बोट लागण्याइतका शांत. पेटी सहा जणांनी उचलली. त्यात दुकानवाला पेडरही होता, आणि आता तो कंबर धरून बसला आहे. कॉफी आणि पाव सगळ्यांना पुरले. तुझ्या नावाचं फूल मी स्वतः ठेवलं.

काय झालं ते थोडक्यात सांगते. १६ तारखेला, बुधवारी, तो पावणेदोनला नावेच्या खोपटातून वर आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. एक्कावन्न वर्षांत तो बूट घालून आत आला नव्हता. पोटात आणि पाठीत दुखत होतं. मी आरोग्य केंद्राचा नंबर फिरवला. नर्सनं नेहमीचे प्रश्न विचारले. उलटी झाली का, ताप आहे का, चालता येतं का. मग शून्य ते दहा यात दुखणं किती. आकडा चार होता. चारला रुग्णनाव, म्हणजे रुग्णांना न्यायची बोट, पाठवत नाहीत. उद्याच्या सकाळच्या बोटीनं या, अकराला डॉक्टर बघतील, वाढलं तर पुन्हा फोन करा, असं सांगितलं.

तो आडवा झाला. साडेसहाला उठून खिडकीशी गेला आणि पडला. मग नाव पंचवीस मिनिटांत आली. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती असं डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर वाचला असता का, हे त्यांना नक्की सांगता येत नाही.

त्याचं जाड लोकरीचं स्वेटर तुला हवं असेल तर कळव. तुझं माप तेच असेल.

बोर्गहिल


सिअॅटल, ९ एप्रिल

प्रिय बोर्गहिल,

तुझं पत्र नातीनं आणून दिलं आणि मी ते तीनदा वाचलं. स्वेटर पाठव.

चार! मी तो आकडा वाचला आणि आधी हसलो. मग तो पुन्हा वाचला. अगं, आमच्या घरात दुखणं मोजायला कुणी शिकवलं होतं? बापाला शेवटच्या दिवशी आईनं विचारलं, कसं वाटतंय, तर म्हणाला, "आज जरा आळस आहे." यंत्रात आर्विदची दोन बोटं गेली तेव्हा तो काय म्हणाला ठाऊक आहे ना? "हातमोजा खराब झाला." अशा माणसाला आकडा विचारतात, आणि तो आकडा खरा धरून नाव धक्क्याला बांधून ठेवतात!

इथं कुणालाही विचार, नऊच्या खाली उतरत नाही. शेजारच्याची दाढ दुखली तर साडेदहा. मला अपेंडिक्स झालं तेव्हा मीही तीन सांगितलं होतं. दवाखान्यातल्या पोरीनं लिहून घेतलं आणि म्हणाली, "बसा तिकडे." लोरेन बिचारी पाच फूट उंचीची, पण काउंटरवर हात आपटून ओरडली, "याचं काय ऐकता! हा नॉर्वेच्या बेटावरचा आहे. याच्या तीनला तीननं गुणा!" सगळा हॉल बघायला लागला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तासाभरात पोट उघडलं होतं माझं. सर्जन म्हणाला, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. म्हणजे माझ्या बायकोच्या घशामुळे मी तेवीस वर्षं जास्त जगलो.

ती नर्स तुमच्या भागातलीच आहे का? असेल तर तिला माफी नाही. आर्विद चार म्हणाला तर त्याचा अर्थ काय, हे तिला कळायलाच हवं होतं. तू फोन लावून दिलास, तुझं काम केलंस. तिनं केलं नाही.

मी तक्रार करणार आहे. नातीनं आरोग्य खात्याच्या निरीक्षण कार्यालयाचा पत्ता शोधला आहे. एवढा श्रीमंत देश, सगळ्यांना फुकट औषधपाणी म्हणून जगभर मिरवतो, आणि माझा भाऊ खिडकीशी मरून पडतो.

तुझा
ओडवार


ग्रोवॅर, २७ एप्रिल

प्रिय ओडवार,

स्वेटर पाठवलं आहे. कोपरापाशी रफू आहे, ते माझंच.

लोरेनची ती गोष्ट आर्विदला ठाऊक होती. तो ती पाहुण्यांना सांगायचा.

आयडर बदकं आली आहेत. दरवर्षी त्यांची घरटी आर्विद साफ करायचा. यंदा मी केली. अजून एकच जोडी बसली आहे.

निरीक्षण कार्यालयाचं पत्र मलाही आलं. तू तक्रार केलीस असं त्यात आहे, आणि एक फॉर्म आहे. फोनवरचं सगळं संभाषण यंत्रावर साठवलेलं असतं. ते तुला द्यायचं की नाही हे सर्वांत जवळच्या नातेवाइकानं सही करून सांगायचं असतं. ती मी. फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. बारीक अक्षर आहे आणि मला चष्मा बदलायचा आहे.

तक्रारीची बातमी इथं पोचली आहे. पेडर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या अमेरिकेतल्या दिराला सांग, सात बेटं आहेत आणि नाव एक. त्याला हवी असेल तर दुसरी त्यानं पाठवावी." मी बटाट्याचं बियाणं घेतलं आणि घरी आले.

कुणाचं नुकसान झालेलं आर्विदला आवडलं नसतं.

बोर्गहिल


सिअॅटल, ८ मे

प्रिय बोर्गहिल,

सही कर.

चष्म्याचं मला सांगू नकोस. तू चाळीस वर्षं बेटाचं टपाल सांभाळलंस, फॉर्म वाचणं तुला जड नाही. पेडरला माझा निरोप दे की तो लहानपणीही असाच होता, दुसऱ्याच्या पाठीमागे उभा राहून बोलायचा.

तुला वाटत असेल, हा पन्नास वर्षांपूर्वी गेला, दोनदाच परत आला, आणि आता भावाचं प्रेम उतू जातंय. वाटू दे. खरंच आहे ते. आईला मी पोचवायला आलो नाही, बापाला आलो नाही, आर्विदला आलो नाही. एवढं एक करू दे मला. त्या फोनवर त्याचा आवाज आहे. नातीकडे यंत्र आहे, कानाला हेडफोन लावून आवाज मोठा केला की मला थोडं ऐकू येतं. त्यानं चार म्हटलेलं मला ऐकायचं आहे. मग त्या बाईला मी काय ते विचारतो.

ओडवार


ग्रोवॅर, ३ जून

प्रिय ओडवार,

पत्राला उशीर झाला.

ती नर्स माझ्याकडे येऊन गेली. तिचं नाव सोल्वी. शेजारच्या बेटावरची, तिची आई आणि मी एकाच वर्षी चर्चमध्ये दीक्षा घेतली होती. सकाळच्या बोटीनं आली. मी दार उघडलं तर म्हणाली, "मला यायला मनाई आहे मावशी, चौकशी चालू आहे. पण मला घरी बसवेना." मी तिला आत घेतलं. कॉफी केली, वॅफल केली. तिनं एक खाल्लं, ते माझ्याकडे बघून.

तिला फोनवरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं आहे. ती जे बोलली ते जसं आठवतं तसं लिहिते.

"आमच्याकडे आधी फोनवर बसणाऱ्या बायका होत्या ना मावशी, त्या सांगितलेल्या आकड्यात स्वतःच तीन मिळवायच्या. बेटावरचा माणूस असला की तीन मिळव. कोळी असला तर चार. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मग नवा फॉर्म आला. सांगितलेला आकडाच भरायचा, स्वतःचं काही घालायचं नाही. मागच्या हिवाळ्यात एकाच्या आकड्यात मी तीन मिळवले आणि नाव पाठवली. त्याला नुसता वात धरला होता. त्याच वेळी दुसरीकडे एक पोर भाजलं, आणि नाव दोन तास लांब. मला लेखी समज मिळाली. तेव्हापासून मी मिळवणं सोडलं. आर्विदकाकांचे चार मी चारच लिहिले."

मग म्हणाली, "मी त्यांच्याकडे फोन द्या म्हणायला हवं होतं."

हे तुला आधी लिहायला हवं होतं, ओडवार. फोनवर मी होते. आर्विदला खुर्चीतून उठवत नव्हतं आणि तार तिथवर पोचत नाही. नर्स मला विचारायची, मी त्याला विचारायची.

निघण्याआधी ती रडली. म्हणाली, "मागून काहीतरी आवाज आला होता. मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी विचारलं नाही. तेवढंच मला राहून राहून टोचतं." मी तिला धक्क्यापर्यंत सोडलं. तिची सोळा वर्षांची नोकरी आहे.

तक्रार मागे घे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

बोर्गहिल


सिअॅटल, १४ जून

बोर्गहिल,

म्हणजे तू फोनवर होतीस.

मग तू का नाही बोललीस? तुझ्याइतकं त्याला कोण ओळखत होतं? बूट घालून आत आला हे तूच लिहिलंस, तेव्हाच तुला कळलं असणार. नवरा चार म्हणतो, तर बायकोनं सांगायचं असतं, अहो याचे चार म्हणजे आठ. लोरेन परदेशातली होती, तिला माझी भाषा धड येत नव्हती, तरी तिला कळलं. तू त्याच बेटावर जन्मलीस.

आणि आता त्या बाईला वॅफल खाऊ घालतेस आणि मला म्हणतेस मागे घे. नवऱ्यापेक्षा शेजाऱ्यांची लाज मोठी. तुम्ही सगळे तसेच. म्हणूनच मी निघून आलो होतो.

तक्रार मागे घेणार नाही. सही कर, नाहीतर का करत नाहीस ते सरळ लिही.

ओडवार


ग्रोवॅर, २१ ऑगस्ट

प्रिय ओडवार,

सरळ लिहिते.

आर्विद चार म्हणाला नव्हता. तो सात म्हणाला होता.

नर्सनं आकडा विचारला. मी फोन हातात धरून वळले आणि त्याला विचारलं. तो म्हणाला, "सात." मी फोनमध्ये म्हटलं, "चारेक असेल." त्यानं ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, जणू मीच बरोबर होते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो दुखण्याबद्दल बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

कारण काय ते मी पाच महिने शोधते आहे. आधी मला वाटायचं, त्या दुपारी रुग्णनाव उत्तरेकडे जाताना मला खिडकीतून दिसली होती, कुणी बाळंतीण असेल, तिची नाव मी का ओढून घेऊ, म्हणून. ऐकायला ते चांगलं वाटतं. पण ते मी मागाहून शोधलेलं आहे. फोन करताना नाव माझ्या डोक्यात नव्हती.

खरं असं की सात ऐकून मला लाज वाटली. परक्या बाईला आपल्या माणसाबद्दल सात कसं सांगायचं? आपण कुणी वेगळे लागून गेलो का, असं वाटलं. आणि भीती वाटली. त्यानं आयुष्यात कधी असं काही म्हटलं नव्हतं. मी चार म्हटलं तर ते चारच असेल, असंही कुठेतरी वाटलं असावं. हे सगळं एका श्वासात झालं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही.

तुझं जूनचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मी फॉर्मवर सही केली. त्यांनी मला बोलावलं. संभाषण तुझ्याकडे पाठवण्याआधी मी ऐकावं अशी पद्धत आहे. पाच जुलैला बोटीनं मुख्य भूमीवर त्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई शांत होत्या. त्यांनी यंत्र लावलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, फार गोड बोलत होते मी. मग मागून त्याचा आवाज आला. बाईंना तो कळला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा लावलं, आवाज वाढवून.

"सात," तो म्हणतो. मग जरा थांबून, "सात म्हण."

हे दुसरं मला आठवतच नव्हतं. ओडवार, ते मी पुसून टाकलं होतं. फोन करताना ते मी ऐकलं असणार, कारण माझं चार त्याच्यानंतर आहे.

मी त्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, आता त्या मला रागावतील. पण त्या म्हणाल्या की असं फार घरांत होतं, दोष धरू नका, आणि एक माहितीपत्रक दिलं. जोडीदार गेलेल्यांचा गट दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जमतो, त्याचं. मला कुणीतरी ओरडावं अशी माझी इच्छा होती. त्या दारापर्यंत सोडायला आल्या आणि पायरी ओली आहे, जपून उतरा, म्हणाल्या.

तिथून मी सोल्वीकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं हातातला टॉवेल नीट झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग म्हणाली, "मी तुमच्या स्वयंपाकघरात रडले होते." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही मला आणखी एक वॅफल वाढलंत." एवढं बोलून ती आत गेली. तिची आई खिडकीत होती, तिनं पडदा सोडला.

निकाल मागच्या आठवड्यात आला. नर्सनं रुग्णाशी स्वतः बोलायला हवं होतं, असा शेरा आहे. म्हणजे माझ्या सांगण्यानं ती पूर्ण सुटली नाही. फोनवर परत ये म्हणाले तर ती नको म्हणाली. शहरातल्या वृद्धाश्रमात लागते आहे. माझ्याबद्दल निकालात एकच वाक्य आहे, की माहिती नातेवाइकामार्फत मिळाली.

दुकानात सगळ्यांना कळलं आहे. पेडर माझ्या पिशव्या दारापर्यंत आणून देतो, आधी कधी देत नव्हता.

ध्वनिफीत तुझ्या नातीच्या नावे पाठवली आहे. ऐकायची की नाही हे तू ठरव. तुझ्यापासून लपवणं मला शक्य होतं. सही न करता मी मेले असते तर कुणाला कळलं नसतं. एकेका दिवशी मला वाटतं, तेच बरं झालं असतं. पण तू त्या बाईला दोष देत होतास, आणि तो माझा होता.

बोर्गहिल


सिअॅटल, ९ ऑक्टोबर

प्रिय बोर्गहिल,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. आधी दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही फाडली. एकात मी तुला माफ केलं होतं. ते वाचून मला माझीच शिसारी आली, मी कोण माफ करणारा. दुसऱ्यात जे लिहिलं होतं ते तुला पाठवण्यासारखं नव्हतं.

ध्वनिफीत ऐकली. नातीनं आवाज शेवटपर्यंत वाढवला. मला तुझा आवाज ऐकू आला, नर्सचा आला. त्याचा आला नाही. कान तेवढे राहिलेले नाहीत. नातीनं कागदावर लिहून दाखवलं, तो आत्ता काय म्हणाला ते. एवढंच मला मिळालं.

सोल्वीला मी पत्र लिहिलं आहे. माफी मागितली आहे. ती उत्तर देईल असं वाटत नाही, आणि देऊही नये.

आता तुझं. तू विचारलं नाहीस, पण मला सांगितलंच पाहिजे. रात्रंदिवस मी एकच करतो. स्वतःला त्या स्वयंपाकघरात उभं करतो, फोन हातात देतो, आर्विदला खुर्चीत बसवतो आणि त्याला सात म्हणायला लावतो. मग नर्स मला विचारते. लोरेन असती तर ओरडली असती, ते ठीक आहे. पण तिथं लोरेन नाही, मी आहे. दरवेळी मी तोंड उघडतो. पन्नास वर्षं इथं राहिलो, इथल्यासारखं बोलायला शिकलो, दारूच्या दुकानात भांडायला शिकलो. तरी एकदाही माझ्या तोंडून सात निघत नाही.

तुझ्या जागी मी असतो तर दोन म्हणालो असतो. हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच तुझ्यावरचा राग जात नाही.

काही दिवस मला लिहू नकोस. लिहावंसं वाटलं की मी लिहीन.

ओडवार